डेटाबेसच्या आधी ग्रुप : किल्ली नेमकी कोणाकडे?



डीबीएमएस हा विषय आपल्यापैकी बऱ्याच जणांनी अभ्यासलेला आहे, बाकीच्यांना पुढच्या सेमिस्टरला अभ्यासायचा आहे. नॉर्मलायझेशन, ई-आर डायग्राम, एसक्यूएल, ट्रान्झॅक्शन हे सगळं सिलॅबसमध्ये असतं आणि पेपरातही येतं. पण डेटाबेसचं सॉफ्टवेअर मशीनवर मुळात बसवायचं कसं, हे कुठल्याच युनिटमध्ये नसतं. लॅबमध्ये ते आधीच बसवून ठेवलेलं असतं. मग फायनल इयरच्या प्रोजेक्टला किंवा नोकरीच्या पहिल्या महिन्यात कोणीतरी सहज सांगतं, "या लिनक्स सर्व्हरवर ओरॅकल टाक," आणि आपण इन्स्टॉलेशन गाईड उघडतो.

गाईडमध्ये सॉफ्टवेअर चालू करायच्या आधीच बरीच पानं येतात, आणि त्यात ठळकपणे लिहिलेलं असतं की आधी ऑपरेटिंग सिस्टीमचे ग्रुप तयार करा. ओइन्स्टॉल, डीबीए, ओपर, बॅकअपडीबीए, डीजीडीबीए, केएमडीबीए, आरएसीडीबीए... यादी वाचूनच कंटाळा येतो. मग बहुतेक जण काय करतात? कुठून तरी आज्ञा कॉपी करतात, सगळ्यांना डीबीए ग्रुपमध्ये टाकतात आणि पुढे जातात. डेटाबेस चालू होतो. पण त्या पाच मिनिटांत आपण ठरवून टाकलेलं असतं की या डेटाबेसमधली प्रत्येक ओळ पासवर्ड न देता कोण वाचू शकेल आणि कोण बदलू शकेल. म्हणूनच हा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे.

या लेखासाठी ओरॅकल डेटाबेस १९सी आणि लिनक्स ही जोडी घेतली आहे. एक सूचना आधीच देतो. आपल्या विभागाची छपाई देवनागरीत असल्यामुळे आज्ञा आणि नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. मशीनवर टाईप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टाईप करायची. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

ग्रुप म्हणजे काय?

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती घडवली तेव्हा एका संगणकावर अनेक जण काम करायचे. त्यामुळे कोणाची फाईल कोणी बघायची हा प्रश्न सुरुवातीपासूनच होता. त्यावर काढलेलं उत्तर आजही लिनक्समध्ये तसंच आहे. प्रत्येक फाईलला एक मालक असतो आणि एक ग्रुप असतो. वाचणे, लिहिणे आणि चालवणे अशा तीन परवानग्या तीन वेळा लिहिल्या जातात : मालकासाठी, ग्रुपसाठी आणि बाकी सगळ्यांसाठी.

हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर माझी खोली माझी, आमच्या विंगचा टीव्ही विंगचा आणि नोटीस बोर्ड सगळ्यांचा. टीव्हीचा रिमोट विंगमधल्या कोणीही घ्यावा, पण शेजारच्या विंगने घेऊ नये. ही मधली पायरी म्हणजे ग्रुप.

वापरकर्त्यांची यादी ईटीसी डिरेक्टरीतल्या पासवर्ड फाईलमध्ये असते आणि ग्रुपची यादी त्याच डिरेक्टरीतल्या ग्रुप नावाच्या फाईलमध्ये. या यादीबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा, पुढे सतत लागतील.

पहिली गोष्ट : नाव हे फक्त लेबल आहे. खरी ओळख असते ती आकड्याची. वापरकर्त्याचा आकडा यूआयडी आणि ग्रुपचा आकडा जीआयडी. डिस्कवर फाईलच्या सोबत आकडाच साठवलेला असतो. आपल्याला दिसणारं नाव यादीत बघून दाखवलं जातं.

दुसरी गोष्ट : एका वापरकर्त्याचा प्रायमरी ग्रुप एकच असतो, सेकंडरी ग्रुप मात्र अनेक असू शकतात. नवी फाईल तयार केली की तिला साधारणपणे प्रायमरी ग्रुप लागतो. सेकंडरी ग्रुपमुळे जास्तीच्या ठिकाणी प्रवेश मिळतो. आपण रहिवासी एकाच विंगचे असतो, पण मेस कमिटीत, क्रिकेट टीममध्ये आणि गणेशोत्सव मंडळातही असू शकतो, तसंच हे.

डेटाबेसला ऑपरेटिंग सिस्टीमच्या ग्रुपची गरजच काय?

इथे एक शंका हमखास येते. डेटाबेसमध्ये स्वतःचे यूजर असतात, पासवर्ड असतात, ग्रँट आणि रिव्होक असतात. मग बाहेरचे ग्रुप कशाला?

कारण असं. साध्या डेटाबेस यूजरचे पासवर्ड डेटाबेसच्या आतल्याच एका टेबलमध्ये साठवलेले असतात, अर्थात हॅश करून. आता समजा डेटाबेस बंद आहे. तो चालू करायला कोणीतरी लॉगिन करायला हवं. लॉगिन तपासायला टेबल वाचायला हवं. टेबल वाचायला डेटाबेस चालू हवा. झाली ना पंचाईत!

असं समजा की हॉस्टेलच्या मेन गेटची किल्ली कोणाकोणाला द्यायची याची यादी ऑफिसच्या कपाटात आहे, आणि ऑफिस गेटच्या आत आहे. गेट बंद असताना ती यादी वाचणार कशी? म्हणजे एक छोटी यादी गेटच्या बाहेर, वॉचमनकडे असायलाच हवी.

ओरॅकलमध्ये ही बाहेरची यादी दोन प्रकारे ठेवतात. एक म्हणजे पासवर्ड फाईल. ही डेटाबेसच्या बाहेर असणारी छोटी फाईल असून नेटवर्कवरून येणाऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरसाठी उपयोगी पडते. दुसरा प्रकार म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा ग्रुप. त्याच मशीनवर लॉगिन केलेला माणूस डीबीए ग्रुपमध्ये असेल, तर ओरॅकल त्याला पासवर्ड विचारत नाही. त्याने एसक्यूएल प्लसमध्ये 'कनेक्ट', मग तिरकी रेघ, मग 'ॲज सिसडीबीए' एवढं लिहिलं की तो आत. आणि आत म्हणजे सर्वोच्च अधिकाराने, सिस या यूजरच्या स्कीमामध्ये.

इथे आणखी एक गंमत आहे, जी पहिल्यांदा बघताना धक्का देते. डीबीए ग्रुपमधल्या माणसाने मुद्दाम चुकीचं नाव आणि चुकीचा पासवर्ड देऊन 'ॲज सिसडीबीए' म्हटलं, तरी तो आत जातो! कारण ग्रुप जुळला की पासवर्डकडे बघितलंच जात नाही. सिसचा पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी डीबीए ग्रुपमध्ये दहा जण असतील, तर दहा जणांसाठी दार सताड उघडं आहे. ग्रुपची यादी हीच खरी पासवर्डची यादी आहे.

कोणता ग्रुप कशासाठी?

आता एकेक नाव घेऊ. नावं ही फक्त प्रथा आहे, ती बदलता येतात. पण जगभर हीच वापरतात, त्यामुळे आपणही हीच वापरावीत.

ओइन्स्टॉल : 'ओ' हे अक्षर आणि पुढे 'इन्स्टॉल'. याला ओरॅकल इन्व्हेंटरी ग्रुप म्हणतात. मशीनवर ओरॅकलची कोणकोणती सॉफ्टवेअर कुठे बसवली आहेत, याची एक मध्यवर्ती नोंदवही असते. ती लिहिण्याचा हक्क या ग्रुपला असतो. ओरॅकल सॉफ्टवेअरचा मालक असलेल्या प्रत्येक वापरकर्त्याचा हा प्रायमरी ग्रुप असावा लागतो.

डीबीए : याला ओएसडीबीए ग्रुप म्हणतात. यातल्या सदस्यांना सिसडीबीए अधिकार मिळतो. डेटाबेस तयार करणे, चालू-बंद करणे, कुठलंही टेबल बघणे आणि बदलणे, सगळं काही.

ओपर : ओएसओपर ग्रुप, अधिकार सिसओपर. डेटाबेस चालू करणे, बंद करणे, माउंट करणे अशी कामं हा करू शकतो. पण लोकांचा डेटा वाचण्याचा हक्क याला नसतो. डीबीएला रेक्टर मानलं तर हा वॉचमन : गेट उघडेल, बंद करेल, पण तुमच्या कपाटाला हात लावणार नाही. हा ग्रुप ऐच्छिक आहे.

यानंतरचे तीन ग्रुप २०१३ मध्ये आलेल्या १२सी आवृत्तीपासून आहेत. त्याआधी बॅकअप घेणाऱ्यालाही सिसडीबीए द्यावं लागायचं. म्हणजे कचरा उचलणाऱ्याला सगळ्या खोल्यांची मास्टर की दिल्यासारखं! ते टाळायला कामं वाटली गेली.

बॅकअपडीबीए : अधिकार सिसबॅकअप. आरमॅनने बॅकअप घेणे आणि रिकव्हरी करणे.

डीजीडीबीए : अधिकार सिसडीजी. डेटा गार्ड, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी तयार ठेवलेला स्टँडबाय डेटाबेस सांभाळणे.

केएमडीबीए : अधिकार सिसकेएम. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणे.

आरएसीडीबीए : १२सीच्या दुसऱ्या रिलीजपासून. अधिकार सिसआरएसी. अनेक सर्व्हर मिळून एक डेटाबेस चालवतात त्या रॅक रचनेत क्लस्टरचं सॉफ्टवेअर याचा वापर करतं.

याशिवाय एएसएम ही ओरॅकलची स्वतःची डिस्क व्यवस्था वापरायची असेल तर एएसएमॲडमिन, एएसएमडीबीए आणि एएसएमओपर असे आणखी तीन ग्रुप आणि बहुधा 'ग्रिड' नावाचा वेगळा वापरकर्ता लागतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये याची सहसा गरज पडत नाही, म्हणून इथे फक्त ओळख करून देतो.

एक खुलासा. इन्स्टॉलर ओपर सोडून बाकी सगळ्या कामांसाठी ग्रुपचं नाव मागतो. सगळीकडे 'डीबीए' लिहिलं तरी चालतं, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या चालतं. पण मग कामाची वाटणी उरत नाही, बॅकअप घेणाराही पुन्हा सर्वाधिकारी होतो.

आधीच का? नंतर का नाही?

व्हायव्हाला विचारण्यासारखा प्रश्न. उत्तराचे तीन भाग आहेत.

एक. इन्स्टॉलर रूट म्हणून चालतच नाही. तो ओरॅकल सॉफ्टवेअरचा मालक म्हणून चालवावा लागतो. साध्या वापरकर्त्याला नवे ग्रुप तयार करता येत नाहीत. म्हणजे इन्स्टॉलर चालू असताना "अरे, ग्रुप राहिलाच" असं झालं तर तो स्वतःहून तयार करू शकत नाही.

दोन. बसवताना ज्या फाईली तयार होतात त्यांना त्या वेळचाच मालक आणि त्या वेळचाच प्रायमरी ग्रुप लागतो. शिवाय ईटीसी डिरेक्टरीत ओराइन्स्ट नावाची छोटी फाईल तयार होते. तिच्यात नोंदवही कुठे आहे आणि तिचा ग्रुप कोणता, एवढ्या दोनच ओळी असतात. पुढे येणारं ओरॅकलचं प्रत्येक सॉफ्टवेअर आधी ही फाईल वाचतं. पहिल्या दिवशीची चूक अशी पुढे वारसाहक्काने चालत राहते.

तीन, आणि हे सर्वात महत्त्वाचं. ओएसडीबीए ग्रुपचं नाव कुठल्या साध्या सेटिंगमध्ये नसतं. ते ओरॅकलच्या मुख्य प्रोग्रॅममध्येच लिंक केलेलं असतं. ओरॅकल होममधल्या आरडीबीएमएसच्या लिब डिरेक्टरीत कॉन्फिग नावाची सी भाषेतली फाईल असते. इन्स्टॉलरला आपण दिलेली ग्रुपची नावं तिच्यात जातात, ती कंपाईल होते आणि प्रोग्रॅमला जोडली जाते. नंतर ग्रुप बदलायचा म्हणजे डेटाबेस बंद करा, ती फाईल बदला आणि प्रोग्रॅम पुन्हा लिंक करा. अशक्य नाही, पण चालू सर्व्हरवर हे करायची वेळ कोणावर येऊ नये. सी शिकताना 'डिफाईन' कशाला वापरतात असा प्रश्न पडत असेल, तर हे त्याचं खरं उदाहरण.

प्रत्यक्ष कृती

हे सगळं रूट म्हणून करायचं.

१. आधी काय आहे ते बघा. 'गेटएंट ग्रुप' ही आज्ञा देऊन वरची नावं किंवा आकडे आधीच वापरात आहेत का ते तपासा. कॉलेजमध्ये खाती एखाद्या मध्यवर्ती सर्व्हरवरून येत असतील तर ग्रुप फाईल नुसती उघडून भागत नाही. गेटएंट दोन्हीकडे बघतं.

२. ग्रुप तयार करा. आज्ञा 'ग्रुपअ‍ॅड', पुढे वजा चिन्ह आणि लहान जी, पुढे आकडा, पुढे नाव. प्रचलित आकडे असे : ओइन्स्टॉल ५४३२१, डीबीए ५४३२२, ओपर ५४३२३, बॅकअपडीबीए ५४३२४, डीजीडीबीए ५४३२५, केएमडीबीए ५४३२६ आणि आरएसीडीबीए ५४३३०. मधले तीन आकडे एएसएमच्या ग्रुपसाठी सोडलेले आहेत. इतके मोठे आकडे का? नव्या लिनक्सवर सामान्य वापरकर्त्यांचे आकडे १००० पासून पुढे चालू होतात. आपण इतक्या लांबचे आकडे घेतले की कोणाशी टक्कर होत नाही.

३. वापरकर्ता तयार करा. आज्ञा 'यूजरअ‍ॅड'. लहान यू नंतर ५४३२१, लहान जी नंतर ओइन्स्टॉल, मोठा जी नंतर बाकीचे सगळे ग्रुप स्वल्पविराम देऊन पण मध्ये जागा न सोडता, आणि शेवटी नाव : ओरॅकल. लहान जी म्हणजे प्रायमरी, मोठा जी म्हणजे सेकंडरी. या दोन जींमध्ये गल्लत करू नका. मग 'पासडब्ल्यूडी' ने पासवर्ड द्या.

४. डिरेक्टरी तयार करा. प्रथेप्रमाणे यू०१ च्या आत ॲप, त्याच्या आत ओरॅकल, प्रॉडक्ट, १९.०.० आणि डीबीहोम_१. नोंदवहीसाठी ॲपच्या आतच ओराइन्व्हेंटरी. नंतर 'सीएचओन' ने यू०१ ची मालकी ओरॅकल आणि ओइन्स्टॉलकडे द्या आणि 'सीएचमॉड' ने ७७५ परवानगी द्या. ७७५ चा अर्थ : मालक आणि ग्रुपला सगळं, बाकीच्यांना फक्त वाचणं आणि आत शिरणं.

५. रूटमधून बाहेर पडा आणि ओरॅकल म्हणून नव्याने लॉगिन करा. झिप फाईल डीबीहोम_१ मध्येच उघडा आणि तिथूनच रनइन्स्टॉलर चालवा. ग्रुप विचारणारं पान आलं की घाईने पुढे जाऊ नका, प्रत्येक ओळीसमोर योग्य नाव आहे का ते वाचा. शेवटी दोन स्क्रिप्ट रूट म्हणून चालवायला सांगतात. त्या सांगितलेल्या क्रमानेच चालवा.

ओरॅकल लिनक्स वापरत असाल तर एक सोपा मार्ग आहे. १९सीचं प्रीइन्स्टॉल पॅकेज टाकलं की ओरॅकल हा वापरकर्ता, वरचे सातही ग्रुप आणि कर्नलची सेटिंग एका फटक्यात तयार होतात. सोय चांगली आहे, पण निदान एकदा तरी हाताने करून बघा. कॅल्क्युलेटर वापरण्याआधी पाढे यायला हवेत, तसं.

तपासणी

'आयडी ओरॅकल' ही आज्ञा द्या. यूआयडी, जीआयडी आणि ग्रुपची सगळी यादी एका ओळीत दिसते. जीआयडीसमोर ओइन्स्टॉल आणि यादीत डीबीए दिसलं पाहिजे.

इथे एक बारकावा आहे. 'आयडी ओरॅकल' म्हटलं की यादीच्या फाईलमधली माहिती दिसते. नुसतं 'आयडी' म्हटलं की चालू लॉगिनला प्रत्यक्षात मिळालेले ग्रुप दिसतात. ग्रुप लॉगिनच्या वेळी मिळतात. त्यामुळे तुम्ही आत असताना कोणी तुम्हाला नव्या ग्रुपमध्ये टाकलं, तर बाहेर जाऊन परत येईपर्यंत त्याचा उपयोग नाही. "टाकलंय तरी चालत नाही" या तक्रारीचं निम्म्या वेळा हेच कारण असतं.

हे उलट्या बाजूनेही लागू आहे. एखाद्याला ग्रुपमधून काढलं, पण त्याचं जुनं लॉगिन चालू असेल, तर त्या लॉगिनमध्ये अधिकार तसेच राहतात. काढताना त्याची चालू सेशन्सही बंद करावी लागतात.

हमखास होणाऱ्या चुका

'यूजरमॉड' ला मोठा जी देताना सोबत लहान ए विसरणे. मोठा जी एकटा दिला तर जुने सगळे सेकंडरी ग्रुप जातात आणि नवा एकच राहतो. लहान ए म्हणजे अपेंड, जुन्यांत भर घाल. ओरॅकलला ओपरमध्ये टाकायला गेले आणि डीबीएमधून बाहेर काढून बसले, असं होतं. मग 'ॲज सिसडीबीए' म्हटल्यावर ओआरए-०१०३१ किंवा नव्या आवृत्त्यांमध्ये ओआरए-०१०१७ येतो, आणि लोक पासवर्ड शोधत बसतात.

लहान जी द्यायला विसरणे. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर असं केलं तर वापरकर्त्याच्या नावाचाच वेगळा ग्रुप तयार होऊन तोच प्रायमरी होतो.

दोन मशीनवर वेगळे आकडे. रॅकमध्ये सगळ्या सर्व्हरवर यूआयडी आणि जीआयडी एकच लागतात. एनएफएसवरून डिस्क वाटून घेतली तरी तेच, कारण तिथेही साधारणपणे आकडेच पाठवले जातात. एका मशीनवर ५४३२२ म्हणजे डीबीए आणि दुसऱ्यावर ५४३२२ म्हणजे कोणी तिसराच असेल, तर दुसऱ्या मशीनवर त्या तिसऱ्याला फाईल उघडी!

७७७ देणे. काही चाललं नाही की परवानगी ७७७ करून टाकायची ही आपली जुनी सवय. कुलूप अडकलं म्हणून दारच काढून ठेवण्यातला हा प्रकार आहे. ओरॅकलच्या मुख्य प्रोग्रॅमला सेटयूआयडी आणि सेटजीआयडी अशा खास परवानग्या असतात. सरसकट सीएचमॉड चालवलं की त्या उडतात आणि डेटाबेसला जोडणीच होत नाही.

मुलांना ओइन्स्टॉलमध्ये टाकणे. "फक्त इन्स्टॉलचा ग्रुप आहे, त्यात काय?" असं वाटतं. पण साध्या फाईल सिस्टीमवरच्या डेटा फाईलींचा ग्रुप बहुधा ओइन्स्टॉलच असतो आणि परवानगी ६४०, म्हणजे ग्रुपला वाचता येतं. ओइन्स्टॉलमधला माणूस डेटाबेसमध्ये लॉगिन न करता ती फाईल कॉपी करू शकतो. एन्क्रिप्शन नसेल तर 'स्ट्रिंग्ज' सारख्या साध्या आज्ञेने आतली नावं आणि शेरे वाचू शकतो. ग्रँट, रिव्होक, पासवर्ड सगळं बाजूला राहतं.

इतर डेटाबेसमध्ये काय?

तत्त्व सगळीकडे तेच आहे, पद्धत वेगळी. पोस्टग्रेस रूट म्हणून चालायला नकार देतो आणि पॅकेजमधून टाकला की पोस्टग्रेस नावाचा वापरकर्ता आपोआप तयार होतो. त्याची डेटा डिरेक्टरी फक्त मालकाला उघडी असते. २०१८ च्या ११व्या आवृत्तीपासून हवं असल्यास ग्रुपला वाचण्याची मुभा देता येते, म्हणजे बॅकअप घेणाऱ्याला वेगळं खातं देता येतं. मायएसक्यूएलचं पॅकेजही मायएसक्यूएल नावाचा वापरकर्ता आणि ग्रुप स्वतः तयार करतं. आयबीएमच्या डीबी२ मध्ये इन्स्टन्सच्या मालकासाठी एक वापरकर्ता आणि ग्रुप, तर बाहेरून आलेली प्रोसीजर चालवायला 'फेन्स्ड' नावाने ओळखला जाणारा दुसरा वापरकर्ता आणि ग्रुप अशी रचना असते. विंडोजवर ओरॅकल टाकलं तर ओरा_डीबीए हा ग्रुप इन्स्टॉलर स्वतः तयार करतो. तिथे रूटची अडचण नाही, कारण इन्स्टॉलर चालवणारा ॲडमिनिस्ट्रेटरच असतो.

आपल्या लॅबसाठी एक आराखडा

आता हे आपल्या अंगणात आणू. समजा विभागाच्या सर्व्हरवर इंटर्नल मार्क्स, हजेरी आणि मुलांच्या प्रोजेक्टची टेबलं एकत्र आहेत. ओरॅकल या खात्याचा पासवर्ड लॅब असिस्टंटला माहीत, दोन सरांना माहीत आणि मागच्या वर्षी सर्व्हर सांभाळणाऱ्या चार मुलांनाही माहीत. उद्या एखाद्याचे मार्क बदललेले दिसले तर कोणाला विचारणार? ओरॅकल म्हणून सगळे सारखेच दिसतात. जो निर्दोष आहे त्यालाही आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करता येत नाही. नुकसान दोघांचं होतं : ज्याचे मार्क बदलले त्याचं आणि ज्याच्यावर संशय आला त्याचंही.

त्यापेक्षा असं करावं. प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं लिनक्स खातं. डेटाबेस सांभाळणारे सर आणि सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, असे दोघेच डीबीएमध्ये. वीज गेल्यावर सर्व्हर पुन्हा चालू करणारा लॅब असिस्टंट ओपरमध्ये. रात्रीचा बॅकअप बघणारा बॅकअपडीबीएमध्ये. मुलं कुठल्याच ग्रुपमध्ये नाहीत, त्यांना डेटाबेसच्या आतले साधे यूजर. ओरॅकल या खात्याने थेट लॉगिन बंद. सॉफ्टवेअर बदलायचं असेल तेव्हाच आपल्या खात्यातून 'सुडू' ने तिथे जायचं, म्हणजे कोण गेलं याची नोंद राहते. सिसडीबीए म्हणून कोणी जोडलं गेलं की ओरॅकल त्याची नोंद ऑडिट फाईलमध्ये करतंच. ऑपरेटिंग सिस्टीमचं खातं वेगवेगळं असेल तर त्या नोंदीत माणसाचं नाव दिसतं.

वर्ष संपलं की यादी तपासायची. हॉस्टेल सोडताना खोलीची किल्ली परत केल्याशिवाय डिपॉझिट मिळत नाही. सर्व्हरच्या बाबतीत मात्र पास आऊट झालेल्यांची नावं ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं राहतात. 'जीपासडब्ल्यूडी' आज्ञा, लहान डी, वापरकर्त्याचं नाव आणि ग्रुपचं नाव, एवढ्यात काम होतं.

अर्थात या व्यवस्थेच्या मर्यादाही माहीत असाव्यात. रूटला कोणीही होता येतं, त्यामुळे रूटचा पासवर्ड वाटला तर ग्रुपला अर्थ नाही. आणि बॅकअप घेणाऱ्याला टेबल वाचता येत नसलं तरी बॅकअपची फाईल त्याच्या हातात असते. एन्क्रिप्शनशिवाय घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून सगळं बघता येतं. तेव्हा मार्कांसारखा डेटा असेल तर बॅकअपही कुलपात हवा.

सरावासाठी

व्हर्च्युअल मशीनवर ओरॅकल लिनक्स टाका आणि हे स्वतः करून बघा. तीन प्रयोग जरूर करा. पहिला, डीबीएमधल्या एका खात्याने मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन सिसडीबीए म्हणून आत शिरा. दुसरा, ओपरमधल्या खात्याने सिसओपर म्हणून डेटाबेस बंद-चालू करा आणि मग एखादं टेबल वाचायचा प्रयत्न करा. तिसरा, आत लॉगिन केलेल्या खात्याला ग्रुपमधून काढा आणि 'आयडी' च्या दोन्ही प्रकारांत काय फरक दिसतो ते वहीत लिहून ठेवा.

मग स्वतःला हे प्रश्न विचारा. डेटाबेस बंद असताना लॉगिन कोण तपासतं? प्रायमरी आणि सेकंडरी ग्रुपमध्ये फरक काय? ओएसडीबीए ग्रुपचं नाव कुठे साठवलेलं असतं? लहान ए विसरल्यास काय होतं? सिसओपर आणि सिसडीबीए यांत फरक काय? या पाचांची उत्तरं न अडखळता देता आली, तर इंटरव्ह्यूमध्ये डीबीएच्या पहिल्या काही प्रश्नांना घाबरायचं कारण नाही. आणि कुठल्याही सर्व्हरवर पहिल्यांदा बसाल तेव्हा आधी ग्रुपची यादी वाचा. कोणाकडे कोणती किल्ली आहे, हे तिथेच लिहिलेलं असतं.